'आलाच आहात तर फिरून जा': लग्नाच्या पाहुण्यांना गंडवणारा नंबर

परगावी लग्नाला गेलं की मधला एखादा दिवस मोकळा मिळतो. मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नातही मिळाला. दोन्हीकडची बहुतेक मंडळी बाहेरची, शहर कुणाच्याच ओळखीचं नाही. नवऱ्या मुलाच्या मित्रांनी हौसेने लग्नाचं वेबपेज केलं होतं. त्यावर 'आलाच आहात तर फिरून जा' म्हणून प्रेक्षणीय स्थळांची यादी होती आणि तळाशी 'गाडी व गाइडसाठी' एक नंबर. त्या नंबरने आम्हाला गंडवलं.

फोन लावला तर पलीकडचा माणूस पहिल्याच वाक्यात नवऱ्या मुलाचं नाव घेऊन मोकळा. "सरांचे पाहुणे ना? कोणत्या हॉटेलात उतरलात तेही माहितीये मला, काही काळजी करू नका." झालं, हा यजमानांनीच ठरवलेला माणूस असं सगळ्यांनी धरून चाललं. प्रत्यक्षात मुलाचं त्याच्याशी आयुष्यात बोलणं झालेलं नव्हतं. लग्नाचं पेज कुणालाही उघडता येत होतं; नावं, तारीख, हॉल, हॉटेल, सगळं तिथे लिहिलेलं. 'तुमच्या पेजवरून फोन केलाय' एवढं पाहुण्याने म्हटलं की बाकीचं त्याला वाचून दाखवायचं होतं फक्त.

मित्रांनी तरी नंबर कुठून आणला? ऑनलाइन नकाशावर 'टूर' शोधलं, वरची भरपूर तारे असलेली नोंद उचलली. आम्ही नंतर तिथले अभिप्राय नीट वाचले. सगळे एकाच आठवड्यातले, बऱ्याच ठिकाणी वाक्यही तेच, आणि लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या कशावर कधी चकार शब्द लिहिलेला नाही. अशी नोंद कुणीही टाकू शकतो, आणि चालू असलेल्या धंद्याच्या नोंदीतला नंबर बदलायची सूचनाही कुणी पाठवू शकतो. म्हणजे दुकान खरं, नंबर मात्र भलत्याचा, हेही शक्य आहे.

पैसे सगळे आगाऊ हवे होते. कारण पटण्यासारखं: "तिकिटं आधी काढावी लागतात, ऐनवेळी मिळत नाहीत." क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीचं नाव न येता कुणा व्यक्तीचं आलं. मावशीच्या मुलाने विचारलंही. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली." हे उत्तर इतकं तयार होतं की तो प्रश्न त्याला रोजच पडत असणार.

सकाळी गाडी आली, उशिरा आली आणि ठरल्यापेक्षा लहान आली. गाइडचा पत्ता नाही. ड्रायव्हर बिचारा भाड्याने बोलावलेला, त्याला आमच्या आगाऊ पैशांची कल्पनाच नव्हती. निघाल्यावर 'साहेबां'चा फोन: संग्रहालय आज अचानक बंद आहे, त्याऐवजी हस्तकलेचं एक केंद्र दाखवतो. केंद्र म्हणजे दुकान, आणि आमचे दोन तास तिथे. भाचीने तेवढ्यात संग्रहालयाचं स्वतःचं संकेतस्थळ उघडलं तर ते चक्क सुरू होतं. ही चाल जगभर जुनी आहे. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर 'आज बंद आहे' सांगून पर्यटकांना रत्नांच्या दुकानात नेणारे टुकटुकवाले प्रसिद्धच आहेत. ती खपते, कारण सुट्टीचे वार खरंच वेगवेगळे असतात. ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. परक्या माणसाला 'आज बंद' हे ऐकून शंका येत नाही.

खरी गंमत किल्ल्याच्या दारात. सगळ्यांच्या मोबाइलवर पीडीएफ तिकिटं, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव, झकास छापलेलं. काका पुढे, यंत्र हिरवं झालं, काका आत. पुढची मावशी: लाल. 'हे तिकीट आधीच वापरलेलं आहे.' तिच्या मागचाही लाल. शेवटी दारावरच्या बाईंनी दोन मोबाइल शेजारी-शेजारी धरून दाखवले. नावं वेगळी, पण कोडमधले काळे-पांढरे ठिपके तंतोतंत तेच. एकच तिकीट विकत घेऊन त्यावर नावं बदलून सगळ्यांना वाटलेलं. काका आतून हात हलवत होते, बाकीचे पुन्हा तिकिटाच्या रांगेत.

फोन केला तर माणूस चिडला नाही, उलट दिलगीर! "तांत्रिक घोळ झाला, लगेच रिफंड देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." इथे मात्र भाचीने फोन हिसकावला. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एका माणसाला दोनदा लुटायची ही पद्धत आहे, आणि दुसऱ्या वेळी लोक जास्त सहज फसतात, कारण त्यांचं लक्ष गेलेल्या पैशांवर असतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या प्रकाराचा. संध्याकाळी हॉलवर परतल्यावर ज्येष्ठांचा हुकूम: लग्नघरात विषय नको, मुलाकडच्यांना वाईट वाटेल. विषय निघाला नाही. यादी पेजवर तशीच राहिली, आणि त्याच रात्री उतरलेल्या मुलाकडच्या पाहुण्यांनी त्याच नंबरला पैसे भरले. त्यांची तर गाडीही आली नाही. अशा भामट्यांना लग्नं का आवडतात ते यात आहे. शिफारस घरच्यांच्या नावाने आलेली, म्हणून कुणी तपासत नाही. बोभाटा नको, म्हणून कुणी बोलत नाही. आणि दोन दिवसांत सगळे आपापल्या गावी.

तुमच्या घरी कार्य असेल आणि पाहुण्यांसाठी यादी करत असाल तर स्थळाचं अधिकृत संकेतस्थळ आणि बंद असण्याचा वार एवढं द्याच. गाडीवाल्याचा नंबर द्यायचा तर घरातलं कुणीतरी त्याच्या गाडीतून फिरलेलं असावं, नाहीतर नंबर देऊच नका. हॉटेलच्या काउंटरवर विचारून गाडी करणं पाहुण्यांना जमतं. पेजला पासवर्ड लावा. पाहुणे असाल तर पैसे भरण्याआधी यजमानांना एक फोन: "हा माणूस तुमचाच ना?" आमच्याकडे हा फोन कुणी केला असता तर "कोण माणूस?" असंच उत्तर आलं असतं. आगाऊ रक्कम थोडी, आणि जमल्यास कार्डाने. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत घेता येते, स्कॅन करून स्वतः पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड.

पैसे गेलेच, तर भारतात १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक, पडद्यावर आलेलं नाव, चॅटचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ तिकिटं जपून ठेवा. मुलाकडच्यांनी तक्रार केली तेव्हा आमची तिकिटंही त्यांनी सोबत जोडली, कारण पैसे घेणारं नाव दोन्हीकडे एकच होतं.