अर्ध्या तासात केस काळे करणारी ‘नैसर्गिक’ मेंदी: माझा अनुभव वाचा आणि सावध राहा

काळी मेंदी नावाचं झाड कुठेच उगवत नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते केशरी-तांबूस असतं. पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी लावली तर ते नारिंगी किंवा विटकरी होतात. आपल्या आया लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात, कात आणि आवळा घालून ती रात्रभर भिजवायच्या. त्यानेही रंग गडद तपकिरी व्हायचा, कोळशासारखा काळा नाही. म्हणून कुणी ‘शंभर टक्के नैसर्गिक काळी मेंदी, अर्ध्या तासात रंग’ म्हणून पुडी पुढे केली, तर ते खोटं आहे हे तिथल्या तिथे ओळखा. मला हे कळेपर्यंत माझ्या त्वचेची कायमची हानी झाली होती.

मुलाला दमा आहे. उग्र वासाचं फिनेल आणि फवारे यांनी त्याला ढास लागायची, म्हणून आमच्या घरातून एकेक वस्तू बाहेर गेली. भांड्यांना रिठ्याचं पाणी, केसांना शिकेकाई, अंघोळीला साधा साबण. हे सगळं आजही चालू आहे आणि त्याचा आम्हाला फायदाच झाला. राहिला होता फक्त केसांचा रंग. डायच्या वासाने मलाच मळमळायचं.

दिवाळीआधी पुण्यात जी प्रदर्शनं भरतात, त्यातल्या एका स्टॉलवर ही मेंदी मिळाली. खाकी कागदाची पुडी, सुतळीची गाठ, वर हिरव्या पानाचा शिक्का. शंभर ग्रॅमला साडेचारशे रुपये. विकणाऱ्या बाई अगदी गोड बोलणाऱ्या. “ताई, थेट सोजतहून शेतकऱ्यांकडून येते. अमोनिया नाही, केमिकल नाही. साध्या पाण्यात कालवा आणि लगेच लावा.” सोजत हे नाव ऐकून कुणाचाही विश्वास बसेल. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या या गावची मेंदी देशभर जाते, तिला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पैसे यूपीआयने घेतले. बिल मागितलं तर “आमचं घरगुती आहे, बिलबुक नाही” असं उत्तर आलं.

पहिल्यांदा लावली तेव्हा काहीच झालं नाही. केस काळेभोर झाले, बहिणीने कौतुक केलं. हीच यातली सगळ्यात घातक गोष्ट आहे. या प्रकारच्या अ‍ॅलर्जीत शरीर आधी त्या पदार्थाला ओळखायला शिकतं आणि नंतरच्या एखाद्या खेपेला उसळतं. माझं तसंच झालं. एका रात्री टाळू खाजायला लागली. दुसऱ्या दिवशी कानांमागे पाणी पाझरायला लागलं आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडले. त्याच्या पुढच्या सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की बोटांनी ओढून डोळे उघडावे लागले.

मी त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “घाबरू नका ताई, इतकी वर्षं केमिकल वापरलंय ना, ते विष बाहेर पडतंय. अजून दोन-तीनदा लावा, शरीर आपोआप शुद्ध होईल.” मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा आहे. खोटा माल विकणं ही एक गोष्ट झाली. माल अंगावर उठल्यावर तोच पुन्हा लावायला सांगणं म्हणजे जिवाशी खेळ. सूज घशापर्यंत गेली तर श्वास अडकू शकतो. हेच वाक्य मी नंतर साबण, उटणी, चेहऱ्याचे लेप विकणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. कोणतीही गोष्ट लावल्यावर सूज, फोड किंवा आग होत असेल तर ती धुऊन टाका आणि डॉक्टर गाठा. त्वचेतून विष बाहेर पडत नसतं, त्वचा आगीच्या भाषेत नको म्हणत असते.

त्वचारोगतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, सूज उतरायला बरेच दिवस गेले. नंतर त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. एका चौकोनाखाली लालभडक फोड उठले होते. पॅरा-फेनिलीनडायअमाईन, थोडक्यात पीपीडी. केसांच्या बहुतेक गडद डायमध्ये रंग देणारं रसायन हेच असतं आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांमध्येही. अमेरिकेतल्या त्वचा-अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2006 साली त्याला त्या वर्षीचं ‘अ‍ॅलर्जन’ म्हणून जाहीर केलं होतं. युरोपात डाय कालवल्यानंतर त्यात पीपीडी दोन टक्क्यांपेक्षा जास्त असायला परवानगी नाही, आणि ते कातडीवर नक्षी काढायला वापरायला तर मुळीच नाही. आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या हातावर ‘ब्लॅक हेना’चे टॅटू सर्रास काढले जातात. लेकराच्या हातावर तो कोन कुणी टेकवला तर हात मागे घ्या.

आता ‘अमोनिया नाही’ या दाव्याबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. तो दावा खरा होता. अमोनिया क्रीमच्या डायमध्ये केसाचा वरचा थर उघडण्यासाठी घालतात. पुडीतल्या डायला त्याची गरजच नसते. त्यात पीपीडीबरोबर बेरियम पेरॉक्साइडसारखी पूड असते, पाणी पडलं की क्रिया सुरू होते आणि रंग काळा पडत जातो. म्हणजे खरं बोलूनच गिऱ्हाइकाची दिशाभूल केली जाते. आपण वास नसण्याला निर्धोकपणा समजतो. पीपीडीला नाकात जाणारा वास नाही.

उरलेली पूड मी ओल्या पांढऱ्या कापसावर टाकून पाहिली. बघता बघता कापूस जांभळट-काळा झाला. शेजारी बाजारातली साधी हिरवी मेंदी टाकली होती, तिच्या कडेला हळूहळू केशरी ओल सुटली. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नाही, पण पुडी हातात असेल तर करून पाहा. हातमोजे घालून.

काळा रंग वनस्पतींतून मिळतच नाही असंही नाही. आधी मेंदी दोन-चार तास ठेवायची, धुवायची, मग निळीच्या पानांच्या पुडीचा लेप तासभर. ही नीळ म्हणजे इंडिगोची पानं, कपड्यांना घालायची नीळ नव्हे! रंग पूर्ण गडद व्हायला एखादा दिवस जातो. म्हणजे वेळ लागतो आणि दोन पायऱ्या लागतात.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूने आहे. पीपीडी असलेल्या डायवर ‘त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं’ अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. सौंदर्यप्रसाधनावर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत हे सगळं लागतं. मोठ्या पोत्यातला माल आणून लहान पुड्या बांधणं हेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने उत्पादनच आहे, त्याला परवाना हवा. माझ्या पुडीवर यातलं काहीही नव्हतं, फक्त पान होतं. घरगुती लघुउद्योग करणाऱ्या प्रामाणिक बायका आपल्याकडे खूप आहेत, पण त्यांनाही हा नियम लागू आहे आणि त्या पाळतात.

एक वाईट बातमी डॉक्टरांनी शेवटी दिली. ही अ‍ॅलर्जी जात नाही. भूल देण्याची काही औषधं, सल्फाच्या काही गोळ्या, काही गडद रंगांचे कपडे यांनीही ती जागी होऊ शकते. आता कोणत्याही दवाखान्यात गेले की मला हे आधी सांगावं लागतं. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर ते लाल शाईत लिहिलेलं आहे.

मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 नुसार गिऱ्हाईक स्वतः शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे नमुना तपासायला देऊ शकतं. अडचण एकच: माझी पुडी फोडलेली होती. दिवाळीआधीच्या प्रदर्शनातून अशी खाकी पुडी तुमच्याकडेही आली असेल आणि अजून फोडली नसेल, तर कचऱ्यात टाकू नका. सुतळी सोडू नका, यूपीआयच्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडा आणि तुमच्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्या.