फ्रँकफर्टचा थालर: वजन बरोबर, नाणं खोटं

विक्रेत्याने आधी काट्यावरचा फोटो पाठवला, 18.52 ग्रॅम. गिऱ्हाईक तिथेच विरघळलं. 1866 मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने गिळेपर्यंत फ्रँकफर्ट स्वतंत्र शहर होतं, स्वतःची नाणी पाडत होतं आणि ऑस्ट्रिया आणि जर्मन राज्यांच्या 1857 च्या नाणेकरारानंतरचा त्याचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, नेमका एवढाच भरतो, हे त्याला ठाऊक होतं. पैसे गेले. हाती आलं ते चांदीचा मुलामा दिलेलं जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू.

वजन जुळवणं तर सर्वांत सोपं. धातू हलका असला की चकती जरा जाड करायची. व्यास 33 मिमी दिसतो, जाडी कोण मोजतंय!

खरा हिशेब नाण्यावरच लिहिलेला असतो: एका पाउंडात, म्हणजे 500 ग्रॅम शुद्ध चांदीत, असे 30 थालर. एकात 16.67 ग्रॅम शुद्ध चांदी, बाकी तांबं. या 900 कसाच्या, म्हणजे हजारात 900 भाग शुद्ध, चांदीची घनता दर घन सेंटीमीटरला 10.3 ग्रॅमच्या आसपास येते आणि ती घरीच तपासता येते. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. टेकलं की आकडा फुगतो. चिकटलेले बुडबुडे झटका. आता दिसतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा आकडा; नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता. खऱ्या थालरला आकडा 1.80 च्या जवळ येतो. इथे आला 2.15. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, जर्मन सिल्व्हर त्याला सहसा चिकटतच नाही.

चांदीतच ओतलेली नक्कल मात्र या परीक्षेतून सुटते. तिच्यासाठी भिंग हवं. कडेवर ‘श्टार्क इम रेख्ट’ (न्यायात खंबीर) ही जर्मन अक्षरं ठसठशीत हवीत. ओतीव नाण्यात ती बोथट असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कधी कडेभोवती सांध्याची रेघ घासलेली दिसते.

दुसरी लबाडी फोटोची. चित्र लिलावातल्या खऱ्या नाण्याचं, पाठवायचं दुसरंच. फोटोतल्या नाण्याच्या चेहऱ्यावरचा एखादा ओरखडा हेरून ठेवा आणि त्याच नाण्याचा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून, नवा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर सौदा सोडा.

आणि अस्सल नाण्यातही खोट असते. थालर गळ्यात घालायची हौस जुनी आहे. कडी काढून, झाळ घासून, पॉलिश केलेलं नाणं ‘उत्तम स्थितीत’ म्हणून खपवतात. शहराच्या स्त्रीप्रतिमेच्या डोक्याच्या बरोबर वरची कड पाहा: तिथली अक्षरं सपाट आणि चकाकी वेगळी असेल, तर संग्राहकाचा भाव देऊ नका.