तेरियाकी चिकन: खालचा ग्रिल की वरचा फ्रायपॅन?

जपानमध्ये गॅसची शेगडी घेतली की तिच्या पोटात मासे भाजायचा ग्रिल बहुधा येतोच. म्हणून तेरियाकी, म्हणजे सोया सॉसच्या गोडसर, चकाकत्या लेपातलं चिकन, करताना प्रश्न पडतो: वर पॅन ठेवायचा की खालचा ड्रॉवर ओढायचा? मी दोन्ही भरपूर करून पाहिलंय. स्किनसकट बिनहाडाची मांडी दोन्हीकडे तीच. ब्रेस्टच्या वाटेला जाऊ नका.

नुसत्या चवीचं म्हणाल तर ग्रिल कुठेही कमी नाही. चरबी जाळीतून गळून जाते, स्किन कुरकुरीत होते आणि कडा जराशा करपल्या की जो वास सुटतो, तो पॅनमध्ये येत नाही. मीठ लावलेला साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, मी अजूनही ग्रिलमध्येच भाजतो.

तेरियाकीत घोडं पेंड खातं ते सॉसपाशी. आधी लावला तर चिकन शिजायच्या आत साखर काळी पडते. म्हणून शेवटी ब्रशने लावायचा, मिनिटभर आत ढकलायचं, बाहेर काढायचं, पुन्हा ब्रश. दोन-तीन हात दिल्याशिवाय चकाकी येत नाही आणि दर वेळी थोडा सॉस ट्रेमध्ये ठिबकतो. जाळीवर जळलेल्या साखरेचं आणि चरबीचं जे डांबर बसतं, ते साध्या घासणीला दाद देत नाही. भिजत घालावी तर आमच्या वीतभर सिंकमध्ये जाळी ना आडवी मावते ना उभी. तशीच ठेवली तर पुढच्या वेळी गॅस पेटवताच घरभर धूर. नुसत्या मिठाच्या माशाने एवढा छळ कधी केला नाही. माझ्यापुरता निकाल या जाळीनेच लावला. ओटीजीवाल्यांची गतही फार वेगळी नसावी.

पॅनमध्ये स्किन खाली ठेवून मध्यम आचेवर ७-८ मिनिटं हात लावायचा नाही. उलटून, झाकण ठेवून शिजवायचं आणि सुटलेली चरबी किचन पेपरने टिपून घ्यायची. हे टाळू नका, तेलकट स्किनवर सॉस धरतच नाही. मग सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू) दोन-दोन मोठे चमचे, साखर एक. बुडबुडे मोठे आणि चिकट झाले की चमच्याने सॉस वरून घालत राहायचं आणि जरा पातळ असतानाच गॅस बंद. गार होताना तो आणखी आळतो. उरलेला भातावर. पॅन गरम पाण्याखाली लगेच निघतो.

मिरिन शक्यतो अस्सल, साधारण १४ टक्के अल्कोहोलचं घ्यावं. स्वस्तातलं 'मिरिनसारखं' या पदार्थात चालून जातं, पण मला ते नुसतंच गोड लागतं.

पॅनमधली स्किन सॉसमध्ये थोडी मऊ पडते, हे खरंय. कुरकुरीतपणाच हवा असेल आणि सिंक मोठं असेल, किंवा भांडी दुसरं कोणी घासत असेल, तर खुशाल ग्रिल लावा.