घाटात गाडीचा पिकअप गेला, फाट्यावर रेस वाढली

माझी फसवणूक दोनदा झाली. आधी गाडी विकणाऱ्याने केली, मग दुरुस्त करणाऱ्याने. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण दुसऱ्या वेळी जीव जाता जाता राहिला, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, पण सेकंडहँड डिझेल गाडी बघत असाल तर वाचाच. नावं लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

मी साताऱ्याचा. वह्या आणि स्टेशनरीची छोटी एजन्सी आहे, एकट्याचीच. आठवड्यातून एकदा तरी पुण्याला अप्पा बळवंत चौकात फेरी असते. जूनच्या तोंडावर शाळांचा माल एसटीने आणणं जमेना, म्हणून मे २०२४ मध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून २०१५ मॉडेलची डिझेल सेडान घेतली. ३ लाख ८५ हजार. डीलर म्हणाला, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." पुण्यात विकायला काढलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

टेस्ट ड्राइव्ह सर्व्हिस रोडवर घेतली. सपाट रस्ता, गाडीत दोघंच, मोजून तीन किलोमीटर. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. वर जाडजूड ७डी मॅट फुकट. मी खूश.

तेव्हा पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा परतीच्या बाजूला होता. पुढच्याच आठवड्यात आई आणि बायको बरोबर होत्या, डिकीत वह्यांचे गठ्ठे. तिसऱ्या गियरमध्ये एका ट्रेलरला ओव्हरटेक करायला रेस दिली आणि मागून कुणीतरी दोर धरून ओढावं तशी गाडी बसली. पाय तळाला टेकलेला, पण इंजिनच्या फेऱ्यांचा काटा २,००० च्या पुढे सरकेना. पिवळा इंजिनचा दिवा लागला. वेग २० वर आला, ट्रेलर शेजारी, मागे ट्रकचा हॉर्न. आईने काळूबाईचा धावा सुरू केला. कसंबसं कडेला घेतलं, किल्ली बंद करून पुन्हा चालू केली, तर गाडी शहाण्यासारखी निघाली. दिवा तेवढा लागलेलाच राहिला.

तीन आठवड्यांत असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी चढ किंवा भरलेली गाडी, सपाटीला कधीच नाही. डीलरला फोन केला तर म्हणाला, "डिझेल कुठलं भरलंत? भेसळ असणार." दुसऱ्यांदा केला तेव्हा "डिलिव्हरी नोट वाचा" एवढंच. नोटवर छापलं होतं की गाडी तपासून, समाधानाने, जशी आहे तशी घेतली. खाली माझी सही.

मग साताऱ्यातलंच एक गॅरेज गाठलं. मोठी पाटी, आत दोन रॅम्प, मालक गोड बोलणारा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, टॅब माझ्याकडे वळवला. बिघाडाचा कोड, पी०२९९. "बघा दादा, टर्बोचाच कोड आहे. मी नाही, गाडी सांगतेय." पुरावा म्हणून स्कॅनचा रिपोर्टही व्हॉट्सॲपवर पाठवला. हा रिपोर्ट पुढे फार कामाला आला, पण त्याने कल्पना केली नसेल अशा कामाला.

हा कोड नीट समजून घ्या, कारण माझे पैसे इथेच गेले. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतोय, एवढंच. टर्बो खराब आहे असं तो म्हणत नाही. टर्बोने दाबलेली हवा होज पाइपमधून इंटरकूलरला जाते, तिथे थंड होते आणि मग इंजिनला. वाटेत कुठेही गळती झाली तरी इंजिनपाशी दाब कमीच दिसणार. नळाला पाणी कमी येतंय म्हणून कुणी लगेच पंप बदलत नाही, आधी पाइप बघतो. दाबाचा हिशोब जुळला नाही की गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला डिझेल कमी करतो आणि कशीबशी गॅरेजपर्यंत जाता येईल एवढीच ताकद ठेवतो. किल्ली बंद-चालू केली की बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आपल्याला वाटतं, झाली ठीक.

मला यातलं काही माहीत नव्हतं. टर्बो ४१,०००, मजुरी ६,५००, ऑइल-कुलंट आणि किरकोळ ४,५००. एकूण ५२,०००. "थोडी कॅश द्या, जीएसटी वाचेल" म्हणाला, आणि मी मोहात पडलो. ३० हजार यूपीआयने, २२ हजार रोख, हातात वहीच्या पानावरची कच्ची पावती. जुना टर्बो मागितला तर "भंगारवाला कालच घेऊन गेला." बॉनेट उघडून दाखवलं. खाली चंदेरी, चकचकीत टर्बो. मी मान डोलावली.

नंतर सकाळी गाडी चालू करताना मागून निळसर धूर यायला लागला. फोन केला. "नवीन टर्बो आहे दादा, बसायला वेळ लागतो."

१९ व्या दिवशी, संध्याकाळी, वाढे फाट्यावर. पुढे गाड्यांची रांग दिसली म्हणून रेसवरचा पाय काढला, क्लच दाबला. इंजिनचा आवाज उतरायच्या ऐवजी चढायला लागला. रेसवर पाय नाही हे मी वाकून पाहिलं. मॅट अडकलाय का तेही पाहिलं. काटा ३,०००, ४,०००, आणि पुढे. मागे एवढा पांढरा-निळा धूर की आरशात रस्ताच दिसेना. गाडी थांबलेली होती, म्हणून किल्ली फिरवली. दिवे गेले, इंजिन तसंच किंचाळतंय. किल्ली बाहेर काढली. किल्ली माझ्या हातात आणि गाडी चालू!

शेजारच्या टेम्पोतला ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडत आला, "पाचवा टाका! ब्रेक दाबून धरा, क्लच सोडा, एकदम सोडा!" हँडब्रेक ओढला, ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा, पाचवा टाकून क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या मांडीवर येऊन पडला. इंजिन बंद. त्या माणसाचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही. किल्ली बंद केली की फक्त डिझेल बंद होतं. पण हवेच्या वाटेने इंजिन ऑइल आत जायला लागलं, तर इंजिन त्या ऑइलवरच पळतं, आणि ऑइल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत पळत राहतं. गॅरेजवाले याला रनअवे म्हणतात. मॅन्युअल गाडी माझ्यासारखी वरच्या गियरमध्ये दाबून बंद करता येते. ऑटोमॅटिकला ती सोय नाही, फक्त हवा तोडता येते. पण किंचाळत्या इंजिनचं बॉनेट उघडायला जाऊ नका. गाडीतली माणसं उतरवा आणि लांब व्हा.

माझा भाचा कऱ्हाडला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. दुसऱ्या दिवशी तो आला. पहिलं काम काय केलं? डीलरने दिलेला फुकटचा मॅट ओढून बाहेर फेकला. "मामा, मूळ मॅटवर दुसरा मॅट? पेडल अडकलं असतं म्हणजे?" २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ डीलरने तात्पुरत्या दिलेल्या लेक्ससमध्ये, म्हणजे टोयोटाच्याच गाडीत, हेच झालं होतं. दुसऱ्या मॉडेलचा जाड मॅट, त्यात अडकलेलं पेडल, एका कुटुंबातली चार माणसं गेली, आणि चालवणारा तर हायवे पोलिसातला होता. पुढे टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे का हे बघायला नासाला बसवलं. २०११ च्या अहवालात तसा दोष सापडला नाही. २०१४ मध्ये कंपनीने लोकांपासून माहिती लपवल्याबद्दल १.२ अब्ज डॉलर भरले. भाचा वर्गात हे शिकवतो, म्हणून त्याला तोंडपाठ. त्याचं म्हणणं, पेट्रोल गाडीत असं झालं तर ब्रेक एकदाच आणि पूर्ण ताकदीने दाबायचा, पंप करत बसायचं नाही, गाडी न्यूट्रल करायची, आणि चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

मग तो गाडीखाली गेला. इंटरकूलर सोडवला तर आतून काळं ऑइल, लिटरची पाण्याची बाटली निम्मी भरली. टर्बोवर चिंधीने थिनर फिरवलं. चंदेरी रंग चिंधीला आला आणि खालून गंजलेलं लोखंड. रंगाखाली दबलेली पट्टी निघाली, त्यावर साल २०१५. माझ्याच गाडीचा टर्बो! खोलला, धुतला, रंगवला, बसवला. बसवतानाही नवीन पॅकिंग न घालता सिलिकॉन थापलेलं. ते दाबून परतीच्या ऑइल पाइपच्या तोंडात गेलं आणि ऑइलची वाट बुजली. खाली जायला जागा नाही म्हटल्यावर ऑइल सील ओलांडून हवेच्या बाजूला शिरलं. म्हणजे रनअवे मी ५२ हजार देऊन विकत घेतला होता.

आणि मूळ दुखणं? इंटरकूलरच्या होजला खालच्या बाजूने चार बोटं चीर. तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, वर दोन प्लास्टिकचे टाय. सपाटीला दाब कमी, टेप धरून राहते. घाटात दाब वाढला की उघडते. नवीन होज २,४०० रुपयांना आला.

टेप कोणी गुंडाळली? भाच्याने गॅरेजवाल्याचा तो व्हॉट्सॲपवरचा रिपोर्ट मागितला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: कोड पुसल्यापासूनचं अंतर १,१३९ किलोमीटर. स्कॅनच्या वेळी मीटर ८३,४४१. डिलिव्हरी नोटवर ८२,३१०. वजाबाकी १,१३१. म्हणजे गाडी माझ्या ताब्यात यायच्या फक्त ८ किलोमीटर आधी कुणीतरी स्कॅनर लावून कोड पुसला, दिवा घालवला. एका लबाडाने दुसऱ्याची लबाडी स्वतःच्या हाताने मला पाठवली होती, मला ती वाचता आली नाही एवढंच. गाडी बघायला जाल तेव्हा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथचा स्कॅनर खिशात ठेवा. कोड नाही याचा आनंद मानू नका, हा आकडा बघा. तीन-चार किलोमीटर दिसला तर विचारा, काय पुसलंत? आणि शक्य असेल तर चार माणसं बसवून चढावर न्या. पुण्यात कात्रजचा घाट काही लांब नाही.

पुढचं थोडक्यात. पुण्यातल्या एका टर्बोवाल्याकडून पक्क्या बिलावर दुसरा टर्बो घेतला. जुना बदल्यात दिला नाही म्हणून ३,००० जास्त पडले, पण भाच्याने जुन्याला हात लावू दिला नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याने ३० हजार परत केले. यूपीआयची नोंद होती तेवढेच. रोखीच्या २२ हजारांबद्दल म्हणाला, "कसली कॅश?" जीएसटी असा वाचला.

डीलर मात्र भांडतोय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. याच्याकडे ते नव्हतंच. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्याने दाद दिली नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं.

त्याच्या वकिलाने दोन मुद्दे काढले. एक, गाडीतून वह्या आणतो म्हणजे वापर व्यापारी, म्हणून मी ग्राहकच नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने यातून वगळली आहे. दुसरा मुद्दा, डिलिव्हरीआधी बॅटरी बदलली तेव्हा कोड आपोआप पुसला गेला असेल. ऐकायला बरोबर वाटतं, काही गाड्यांत तसं होतंही. फक्त गाडीतल्या बॅटरीवर छाप २०२१ चा आहे. तिचा फोटो मी पुढच्या तारखेला देणार आहे.

टर्बो पोत्यात गुंडाळून आईच्या खाटेखाली ठेवलाय. रोज झाडताना तिला तो सरकवावा लागतो. "हे बावन्न हजारांचं लोखंड कधी जायचं रे घरातून?" म्हणते. मी तारीख सांगतो, आणि ती पोतं पुन्हा आत ढकलते.