जपानहून जुन्या लेन्स, पैसे क्रेडिट कार्डानं: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॅन्युअल फोकसच्या जुन्या लेन्स घ्यायच्या तर माझी पहिली पसंती टोकियोला. शिंजुकू, नाकानो भागातली सेकंडहँड कॅमेऱ्यांची दुकानं माल तपासून, श्रेणी लावून विकतात. कोकणपट्टीत चार पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, आत बुरशी दिसेल, मग मी एवढ्या लांबून का मागवतो ते कळेल. गेले काही महिने ही सगळी खरेदी मी क्रेडिट कार्डावरच करतोय.

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात. मी खरेदीपुरते चालू करतो आणि लगेच बंद करतो. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी विचारतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही टाकला की पैसे गेले.

आता मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खरेदीवर बँक लावते ते जादा शुल्क. पुष्कळ कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५,००० रुपयांच्या लेन्सवर साधारण १,४४५ रुपये. २ टक्केवालं कार्ड असेल तर ८२६. फरक सहाशेचा, एका लेन्सला फिल्टर येईल एवढा. रिवॉर्ड पॉइंटांची जाहिरात बघून कार्ड निवडणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा.

पण खरी गळती दुसरीकडे आहे. पैसे भरताना बऱ्याचदा ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आधीच निवडलेला असतो. रक्कम ओळखीच्या चलनात दिसते म्हणून बरं वाटतं, पण त्यात लावलेला येन-रुपयाचा दर बहुधा महाग पडतो. शिवाय काही बँका रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. मी कायम येनच निवडतो.

अमेरिकेतल्या दुकानांचा त्रास निराळा. तिथे बिलाचा पत्ता कार्ड देणाऱ्या बँकेशी ताडून बघतात, आणि आपल्या बँकांकडून त्याला सहसा उत्तरच जात नाही. मग ऑर्डर अडकते किंवा ‘वायर ट्रान्सफर करा’, म्हणजे बँकेतून थेट त्यांच्या खात्यात पैसे पाठवा, असा मेल येतो. अनोळखी दुकानाला वायर मी करत नाही. कार्डाचा फोटो मागितला तर तोही देत नाही.

कार्डाचा खरा उपयोग कळला तो निकॉनच्या एका १०५ एमएमच्या निक्कॉर लेन्समुळे. वर्णनात ‘बुरशी नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं, आणि मागून टॉर्च मारला तर कडेला पांढरे तंतू. दुकानदाराचं म्हणणं, प्रवासात झालं असेल. आठवड्याभरात एवढी बुरशी? मग थोडे पैसे परत देतो म्हणाला. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ होता, पैसे पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेतून कार्डानं भरले होते, म्हणून तिथे तक्रार टाकली. तिथे पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद उघडता येतो, पेपॅलनं ऐकलं नाही तर कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दुकानदाराला गेलेले पैसे उलटे फिरवून, मागता येतो. तक्रार पडताच दुकानदाराची भाषा मऊ झाली आणि पूर्ण रक्कम द्यायला तयार झाला. लेन्स परत पाठवायचा खर्च मात्र माझाच.

येन पूर्ण आले, रुपये नाही. परतावा त्या दिवशीच्या दरानं झाला आणि मधल्या काळात येन घसरला होता. मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी बँकेनं ठेवून घेतला. कस्टम ड्युटी तर आधीच भरलेली, तीही नुसत्या लेन्सच्या किमतीवर नाही, पाठवणावळ आणि विमा धरून. कुरिअरवाल्यानं ड्युटी आधी स्वतः भरल्याबद्दल वेगळे पैसे लावले होते ते निराळेच. एका लेन्सच्या ड्युटीसाठी कस्टम्सकडे खेटे घालायचं मी मनावर घेतलं नाही.

आता वीस हजारांच्या आतली लेन्स परदेशातून मागवत नाही. तेवढ्याला मुंबईत फोर्टात जाऊन, हातात घेऊन, घासाघीस करून घेतलेली परवडते.