दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी-बारावी सायन्स?

मुलाला इंजिनिअर व्हायचंय, एवढं ठरलेलं असेल तर दोन्ही वाटांना वर्षं सारखीच लागतात. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षापासून डिग्रीची तीन, किंवा अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार. म्हणजे सहाच. त्यामुळे 'डिप्लोमाने वर्ष वाचतं' या बोलण्यावर जाऊ नका. फरक आहे तो मध्येच थांबावं लागलं तर हातात काय राहतं यात.

पॉलिटेक्निकला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नाही. तीन वर्षांनी हातात पदविका असते. तिच्या जोरावर रेल्वेतली किंवा केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) कनिष्ठ अभियंता पदाची परीक्षा देता येते, कारखान्यात नोकरीही धरता येते. घरी लवकर कमावत्या हाताची गरज असेल तर मी बिनदिक्कत डिप्लोमा सुचवेन. नुसत्या बारावी सायन्सला नोकरीच्या बाजारात तेवढी किंमत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

पण डिप्लोमात शाखा पंधराव्या-सोळाव्या वर्षी निवडावी लागते आणि मेडिकलचं दार जवळपास बंदच होतं. अकरावीत गणितासोबत जीवशास्त्र ठेवलं, तर नीट, फार्मसी, कृषी, एनडीए हे सगळं दोन वर्षं खुलं राहतं. मुलाचं अजून ठरत नसेल तर सायन्सच बरं. शिवाय बारावी सायन्स झाल्यावरही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं.

सायन्सची खरी किंमत क्लासच्या फीमध्ये मोजावी लागते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, पण वेळ कमी पडतो. गणितात गती असलेल्या मुलाला हा पेपर तारतो आणि नसलेल्याला नामांकित कॉलेजपासून लांब नेतो.

डिप्लोमावाल्यांची अडचण पुढे येते. वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलमध्ये ही मुलं सरस ठरतात, पण डिग्रीचं पहिलं वर्ष त्यांनी केलेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षी एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताचा तिसरा पेपर, समोर उभा राहतो. अनेकांचा विषय तिथेच राहतो. डिप्लोमा निवडलाच, तर शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत कलनशास्त्र (कॅल्क्युलस) पक्कं करून घ्या. आणि हो, थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या गुणांवर असतो. नावाजलेल्या कॉलेजांत तिथेही चढाओढ मोठी आहे.

फीचा हिशेब दोन्हीकडे करा. शासकीय पॉलिटेक्निक मिळत असेल तर खासगीच्या चकचकीत इमारतीकडे बघू नका. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागाही असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी उसळते.

निकाल लागला की दोन्हीकडचे अर्ज भरून ठेवा. मूळ शाळा सोडल्याचा दाखला मात्र एकाच ठिकाणी जमा होतो, तेव्हा तो देण्याआधी दोन्ही याद्या हातात येऊ द्या.