जुनी इलेक्ट्रिक गाडी संस्थेला द्यावी, की विकून पैसे द्यावेत?

करात सवलत हवी असेल तर गाडी विका आणि पैसे द्या. अमेरिकेत गाडी दान करून वजावट मिळते हे वाचून बरेच जण इथेही तसंच धरून चालतात. आपल्याकडे ८०जी नावाने ओळखली जाणारी आयकरातली वजावट फक्त पैशाच्या देणगीला आहे. गाडी, धान्य, औषधं अशा वस्तुरूप देणगीवर संस्थेने पावती दिली तरी वजावट शून्य.

घरगुती वापराची गाडी भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे विक्रीवर कर नाही (धंद्यात घसारा घेतला असेल तर सीएला विचारा). देणगी चेकने, यूपीआयने किंवा खात्यातून द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेवर. बाकीच्या वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांचीही मर्यादा आहे. हे उत्पन्न १२ लाख असेल आणि गाडीचे ४ लाख एकाच वर्षी दिलेत, तर १.२ लाखच धरले जातात, त्याचे निम्मे ६० हजार वजा होतात आणि उरलेली देणगी पुढच्या वर्षी ओढता येत नाही. तेच पैसे ३१ मार्चच्या आधी दोन लाख आणि नंतर दोन लाख असे दिले की वजावट दुप्पट. नवीन करप्रणालीत असाल तर हा सगळा हिशेब सोडून द्या. मग संस्थेला काय हवंय एवढंच बघायचं.

संस्थेला गाडीच हवी असेल, तर ती ठरावीक फेऱ्यांसाठी असावी. डायलिसिसचे रुग्ण ने-आण करणं, शाळेचं जेवण पोहोचवणं, दिवसाला ६०-७० किलोमीटर आणि रात्री मुक्कामाला परत. अशा कामाला इलेक्ट्रिक गाडीइतकं स्वस्त काही नाही. आठवड्यातून एकदा लांब पल्ला आणि एरवी उभी, अशी गरज असेल तर पैसेच द्या. उभ्या गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी आधी उतरते. मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही आणि संस्थेत कुणाला कळत नाही काय झालं.

देण्याआधी बॅटरी मोजा. ३०.२ युनिटची (किलोवॅट-तास) बॅटरी असलेली नेक्सॉन ईव्ही धरू. १०० टक्क्यांवरून २० वर आणा, पुन्हा १०० पर्यंत भरा आणि मीटरवर किती युनिट पडले ते बघा. चार्जिंगमधली घट धरून साधारण २७ पडायला हवेत. २१ च्या आसपास पडले तर बॅटरी पाऊणच उरली आहे. ही चाचणी ढोबळ आहे, पण डॅशबोर्डवरच्या अंदाजी रेंजपेक्षा भरवशाची. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. ती नसेल तर तुम्ही संस्थेला लाखोंचा संभाव्य खर्च देताय. बॅटरी निम्म्यावर आली असेल तर गाडी देऊच नका.

मग संस्थेचा प्लग बघायला स्वतः जा. १५ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. लांबून आणायची असेल तर ४ ची. सगळ्यात जास्त अडतं अर्थिंगला. जुन्या इमारतीत आणि गावाकडे ते नावालाच असतं, आणि मग चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो. नवा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) करून देणं हाही देणगीचाच भाग समजा. जुन्या ई-व्हेरिटोसारख्या गाड्यांचा फास्ट चार्जिंगचा पिन वेगळा आहे. आजच्या फास्ट चार्जरच्या सीसीएस-२ प्रकारच्या गनला त्या जोडता येत नाहीत.

कागदांत मात्र हयगय नको. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, दानपत्र, विश्वस्तांचा ठराव, ट्रस्टचं नोंदणीपत्र आणि पॅन. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात हस्तांतरणाची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. सह्या करून किल्ली देऊन मोकळं होणं धोक्याचं आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं आहे. विमाही १४ दिवसांत संस्थेच्या नावे करून घ्या. नो क्लेम बोनस तुमचा असतो. त्याचं पत्र घेतलंत तर पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतो. कंपनीच्या ॲपमधून आपलं खातं काढा, आणि घरातली पोर्टेबल चार्जिंग केबल गाडीत ठेवायला विसरू नका. ती नसेल तर पहिल्याच रात्री गाडी अडते.

पांढऱ्या अक्षरांची हिरवी पाटी म्हणजे खासगी गाडी. संस्था रुग्णांकडून भाडं घेणार असेल तर व्यावसायिक नोंदणी, म्हणजे पिवळी अक्षरं लागतील.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकांची देणगी, रुपयांत असली तरी, परदेशी स्रोतातली धरली जाते. पैसे असोत वा गाडी, संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायला लागणारी) आहे का ते आधी विचारा. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला ही अट नाही.

बॅटरी संपलेली पण बाकी धड गाडी असेल तर जवळच्या आयटीआयला विचारून बघा. तिथे इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा ट्रेड चालत असेल तर मोटर, कंट्रोलर, वायरिंग शिकवायला ती सोन्यासारखी. मात्र देण्याआधी सर्व्हिस सेंटरमधून हाय व्होल्टेज जोडणी सोडवून घ्या. चार्ज उतरलेला दिसला तरी पॅकमध्ये शेकडो व्होल्ट असतात, आणि पहिलं झाकण उघडणारा विद्यार्थी असतो.